पदकं उजवीकडे

घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यात तुम्ही राहत असाल, तर माझा आवाज तुम्ही नक्की ऐकला आहे आणि बहुधा त्याला शिव्याही घातल्या आहेत. घरात मुलांच्या परीक्षा चालू असताना चौकातल्या भोंग्यातून ‘आपल्या सर्वांचे लाडके, तडफदार, कार्यसम्राट’ असं जे काही खिडकीतून आत घुसतं, ते म्हणणारी बाई मी. राजकीय सभांचं सूत्रसंचालन हा माझा पोटापाण्याचा धंदा. मी कुठल्याच पक्षाची नव्हते आणि सगळ्याच पक्षांसाठी बोलले. गेल्या महापालिका निवडणुकीनंतर मी हे काम थांबवलं. घसा अजून ठणठणीत आहे, शेजाऱ्यांना विचारा. पण गुडघ्यांना आता पायऱ्या नको वाटतात आणि स्टेजला पायऱ्या असतातच.

सूत्रसंचालन म्हणजे नावं वाचणं, असं लोकांना वाटतं. नावं वाचणं हा तर त्यातला सगळ्यात धोक्याचा भाग. स्टेजवर बसलेल्या प्रत्येकाला आपलं नाव शेजारच्याच्या आधी हवं असतं. भांडुपला एकदा मी एका माजी नगरसेवकांचं नाव त्यांच्या व्याह्यांनंतर घेतलं, तर ते सभा सोडून गेले आणि पुढे पक्षही सोडून गेले. दुसरं काम वेळ काढण्याचं. मुख्य पाहुणा सांगितलेल्या वेळी कधीच येत नाही आणि लोकांना तर खुर्च्यांवरून उठू द्यायचं नसतं. मग मी वस्तीतल्या दहावी पास मुलांची नावं विचारून घ्यायचे, त्यांच्या आयांना उभं करून टाळ्या मिळवून द्यायचे. स्वतःच्या मुलाचं नाव भोंग्यातून ऐकायला बाई तासभर बसते, हा माझा अनुभव आहे.

पण खरी कसोटी उमेदवाराची ओळख करून देण्यात. चार-पाच वाक्यांत अनोळखी माणूस घरचा वाटला पाहिजे. आणि आमच्या उपनगरातला श्रोता कुणावरच विश्वास ठेवत नाही. उमेदवार डॉक्टर आहे म्हटलं की मागून कुणीतरी फी विचारतो. वकील म्हटलं की हसतात. समाजसेवक म्हटलं की फारच हसतात. फक्त एका शब्दाला मी कधी हसणं ऐकलं नाही. ‘फौजीच्या घरातला’ असं म्हटलं की टवाळी करणारी पोरंसुद्धा मोबाइल खाली ठेवायची.

असं का होतं याचा मी पुष्कळ विचार केला आहे. इथल्या कितीतरी घरांची मुळं कोकणात. एक भाऊ गिरणीत गेला, दुसरा पलटणीत. गिरणीतला सगळ्यांच्या डोळ्यांसमोर म्हातारा झाला, त्याचे रुसवेफुगवे, त्याची व्यसनं चाळीला पाठ. पलटणीतला वर्षातून एकदा ट्रंक घेऊन यायचा, सगळ्यांना खाऊ वाटायचा आणि रजा संपली की निघून जायचा. त्याला कुणी पाण्यावरून भांडताना पाहिलं नाही, कुणाकडून काही उकळताना पाहिलं नाही. तो परत येईल की नाही याची मात्र सगळ्या चाळीला काळजी. तेव्हा त्याच्या घरातलं कुणी मत मागायला उभं राहिलं, की लोक निम्मी परीक्षा न घेताच पास करतात. उमेदवारांना हे चांगलं कळतं. त्यातून जवानांचे फोटो प्रचारात वापरू नका अशी निवडणूक आयोगाची ताकीद असते. मग फ्लेक्सवर जे चालत नाही ते माझ्या तोंडून वदवून घ्यायचं.

त्यामुळे एकेक वल्ली माझ्याकडे यायच्या. एका बिल्डरसाहेबांनी मला सांगितलं, आमचं घराणं लष्कराशी जोडलेलं आहे असं ठासून बोला. मी खोदून विचारलं तेव्हा कळलं, की त्यांचे वडील छावणीच्या भटारखान्याला अंडी पुरवायचे. मी म्हटलं, तेही मोठं काम आहे, तसंच सांगू या का? तर ते म्हणाले, अंडी नको, नुसतं जोडलेलं म्हणा. याच्या अगदी उलट पवईच्या एका टॉवरमधले कर्नलसाहेब. अपक्ष उभे राहिले होते. त्यांनी दिलेल्या वेळेच्या ठोक्याला सभा सुरू केली, समोर मंडपवाले आणि दोन कुत्री. ते तरीही पूर्ण बोलले. मी त्यांना ‘शूर योद्धे’ म्हटलं तर माइक हातात घेऊन त्यांनी सुधारलं, की माझी बहुतेक नोकरी रस्ते बांधण्यात गेली. सपाटून पडले. त्यांच्या टॉवरमधले लोक तर मतदानालाही खाली उतरले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र ते स्वतः मंडपवाल्यांचे आभार मानायला आले होते, तेही वेळेवर.

या सगळ्यांत ज्या सभेने मला माझं काम नव्याने शिकवलं, ती घाटकोपरच्या डोंगरावरच्या एका वस्तीतली. उमेदवार नीलेश धुरी, वय तिशीच्या आतबाहेर. मूळ गाव सावंतवाडीकडचं. त्याचे वडील लान्स नाईक महादेव धुरी सीमेवर बर्फात शहीद झाले तेव्हा नीलेश रांगत होता. आई शालनवहिनी तेव्हापासून एका शाळेत नोकरी करत त्याला घेऊन याच वस्तीत राहिल्या. बारीक अंगाच्या, कमी बोलणाऱ्या, पण बोलल्या की विषय संपला.

नीलेशचं स्वतःचं म्हणून एक काम होतं. डोंगराच्या कडेची संरक्षक भिंत. पावसाळ्यात त्या बाजूची घरं जीव मुठीत धरून असतात. नीलेशने चार-पाच वर्षं वॉर्ड ऑफिसच्या पायऱ्या झिजवून निम्मी भिंत बांधून घेतली होती, निम्मी राहिली होती. त्या उरलेल्या भिंतीसाठीच तो निवडणुकीला उभा राहिला, असं मला तो पहिल्याच भेटीत म्हणाला. पक्षाने मात्र त्याला भिंतीसाठी तिकीट दिलं नव्हतं. वॉर्ड अध्यक्षांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं.

“मॅडम, भिंत नंतर. आधी बाप. बापाचं नाव घेतलं की काम झालं.”

मी तसंच केलं. ‘देशासाठी देह ठेवणाऱ्या वीर जवानाचा वीरपुत्र’ असं मी आवाज चढवत नेऊन ‘वीरपुत्र’वर सोडायचे आणि समोर पिन पडली तरी ऐकू येईल अशी शांतता व्हायची. बायका डोळे पुसायच्या. मला त्याचा अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू. नीलेश अवघडून उभा राहायचा, भाषणात वडिलांबद्दल दोन वाक्यं बोलायचा, कारण त्याला त्यांचं काही आठवतच नव्हतं, आणि भिंतीवर यायला जायचा तोवर अध्यक्ष त्याला आवरतं घ्यायची खूण करायचे. आईने एकच अट घातली होती. आपण स्टेजवर बसणार नाही. नीलेशने ती पाळली होती.

शेवटची मोठी सभा डोंगराच्या पायथ्याशी होती. तिच्यासाठी अध्यक्षांच्या डोक्यात आलं, की नीलेशने वडिलांची पदकं लावून यावं. नीलेश आधी नको म्हणाला, मग म्हणाला आईला विचारतो, मग आई शाळेतून यायच्या आत कपाटातली डबी घेऊनच आला. सभा झाली की परत ठेवू, असं त्याने स्वतःची समजूत घातली असणार. घरी भिंतीवर वडिलांचा गणवेशातला फोटो होता, त्यात पदकांच्या रंगीत पट्ट्या डाव्या छातीवर होत्या. म्हणून त्यानेही जॅकेटवर पदकं डावीकडे लावली. आम्ही सगळ्यांनी पाहिली, सगळ्यांना झकास वाटली. कुणाला काही खटकलं नाही, मलाही नाही.

त्या दिवशी पुढच्या दोन ओळींत माजी सैनिक होते. पवईच्या ऑफिसांमधून सिक्युरिटीत काम करणारे आमच्याकडचे बरेच जण पलटणीतून निवृत्त झालेले असतात. त्यांचे म्होरके सुभेदार परब, पांढऱ्या मिशा, ताठ पाठ. हे लोक कधी कुठल्या राजकीय सभेला येत नसत. ते आले म्हणजे अख्ख्या वस्तीने आपलं म्हटल्यासारखं होतं. आमच्या अध्यक्षांना तर मतमोजणी होऊन जिंकल्याचाच आनंद झाला होता.

मी ‘वीरपुत्र’ सोडला, ताशा कडाडला, नीलेश स्टेजवर आला. मागून टाळ्या झाल्या. पुढच्या दोन ओळींत एकही टाळी नाही. मग परब उभे राहिले. त्यांच्या मागोमाग सगळे उभे राहिले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी माइकमध्ये म्हणाले, बघा, आपले माजी सैनिक उभं राहून मानवंदना देत आहेत. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत ते सगळे वळले आणि शिस्तीत, एका ओळीत सभेबाहेर चालू लागले.

इतक्या वर्षांत माझी अशी वाट कधी लागली नव्हती. समोर रिकाम्या दोन ओळी, मागे कुजबुज. फौजी उठून गेले, एवढंच लोकांना दिसत होतं. का गेले ते कुणालाच माहीत नव्हतं. म्हणजे आता ज्याला जे वाटेल ते. बाप खरोखर फौजी होता ना, असं एक जण मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने म्हणाला. विरोधी उमेदवाराची मुलं मागे मोबाइलवर सगळं टिपत होती. नीलेशची निवडणूक तर जातच होती, पण त्याहून वाईट म्हणजे गेलेल्या माणसाच्या नावावर शंका घेतली जात होती आणि ती शंका उद्या शाळेत कामावर जाणाऱ्या नीलेशच्या आईला झेलावी लागणार होती.

मी ढोलवाल्याला वाजवायची खूण केली, पायऱ्या उतरले आणि मंडपाच्या कडेला परबांना गाठलं. त्यांना राग नव्हता. उलट ते थोडे ओशाळलेले दिसत होते.

“मॅडम, डावी बाजू ज्याची त्याची असते,” ते म्हणाले. “ज्याने कमावली त्याने लावायची. गेलेल्याची पदकं घरच्यांनी लावायची ती उजवीकडे. पोराला माहीत नसेल, मान्य. पण आम्ही समोर बसून टाळ्या कशा वाजवायच्या?”

मी विचारलं, हे तिथेच का नाही सांगितलं? ते म्हणाले, धुरींच्या मुलाला भर सभेत टोकणं बरं दिसलं नसतं, म्हणून गुपचूप उठलो. त्यांच्या दृष्टीने ते गुपचूप होतं. दोन ओळी एकदम उठल्यावर सभेचं काय होतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. मला रडावं की हसावं कळेना.

मी वर जाऊन नीलेशच्या कानात सांगितलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो घाईघाईने पिना काढायला लागला. अध्यक्ष खालच्या आवाजात डाफरत होते, की राहू दे रे तसंच, लोकांना काय कळतंय, तू भाषण सुरू कर. तेवढ्यात स्टेजच्या बाजूच्या पायऱ्यांवर शालनवहिनी दिसल्या. शाळेतून घरी गेल्या होत्या, कपाट उघडं पाहिलं होतं आणि तशाच डोंगर उतरून आल्या होत्या. पायांत घरातल्या स्लिपर होत्या.

त्या कुणाकडे न बघता नीलेशसमोर गेल्या आणि एकेक पदक सोडवायला लागल्या. त्यांचा हात सराईत होता. दरवर्षी जवानांच्या स्मरणाच्या कार्यक्रमाला त्या ती लावत आल्या होत्या, हे मला नंतर कळलं. नीलेश खाली वाकून म्हणाला, आई, मग उजवीकडे लाव ना मला, सगळे बघतायत. त्यांनी पदर उजव्या खांद्यावरून पुढे ओढून घेतला आणि पदकं त्या पदरावर, स्वतःच्या उजव्या बाजूला, एकेक करून टाचली. माझ्या हातातला माइक चालू होता. मी तो दूर धरायला हवा होता, पण मी पुतळाच झाले होते. म्हणून वहिनी जे बोलल्या ते डोंगरापर्यंत गेलं.

“ही त्यांची. ती माझ्याकडे असतात. तुझ्याकडे काय आहे ते सांग, झिला.”

एवढं बोलून त्या खाली उतरल्या आणि पुढच्या रिकाम्या ओळीत मधल्या खुर्चीवर जाऊन बसल्या. मग मंडपाच्या कडेने सुभेदार परब परत आले. वहिनींसमोर थांबून त्यांनी कडक सॅल्यूट ठोकला आणि एक खुर्ची सोडून बसले. त्यांच्या मागून बाकीचे सगळे येऊन बसले. ओळी भरल्या.

आता नीलेशची पाळी होती. जॅकेटवर पिनांची भोकं दिसत होती. तो वक्ता नव्हताच, त्यात घाबरलेला. त्याने कागद बाजूला ठेवला आणि भिंतीबद्दल बोलायला लागला. कुठल्या घरामागे माती सुटली आहे, कुणाच्या न्हाणीत पावसात ओल येते, वॉर्ड ऑफिसात फाइल कुठे अडली आहे, कुठला साहेब मदत करतो आणि कुठला टाळतो. मधे मधे अडखळला. एका आजींनी खालूनच सांगितलं, की आमच्या मागचं राहिलं तुझं सांगायचं. त्याने त्यांच्या घरामागचंही सांगितलं. अध्यक्षांनी आवरतं घ्यायची खूण केली, ती या वेळी त्याने पाहिली नाही. टाळ्या वीरपुत्राला पडत तेवढ्या नाही पडल्या. पण लोक उठलेही नाहीत, आणि सभा संपल्यावर त्याच्याभोवती घोळका झाला तो सगळा भिंतीच्या चौकशीचा होता.

त्यानंतरच्या कोपरा सभांना मी त्याला विचारलं, आता ओळख कशी करून देऊ? तो म्हणाला, नीलेश धुरी म्हणा, हवं तर भिंतवाला म्हणा. अध्यक्ष माझ्यावर चिडले, पुढचं काम मिळणार नाही म्हणाले. मी म्हटलं, गुडघ्यांना बरंच होईल.

नीलेश थोडक्यात पडला. आईने भर सभेत मुलाची पदकं काढून घेतली एवढाच तुकडा मोबाइलवर फिरला, त्याने नुकसान केलं. पक्षातले लोक म्हणाले, म्हातारीने घालवली. त्यांच्यापेक्षा वहिनी पुष्कळ लहान होत्या, पण ते असो.

मला मात्र त्या दिवसाबद्दल कृतज्ञताच वाटते. हजारो वेळा मी माणसांना त्यांच्या बापांच्या, आजोबांच्या, पुढाऱ्यांच्या नावाने लोकांपुढे उभं केलं. फौजीचं घर हे त्यातलं सगळ्यात खणखणीत नाणं, आणि ते नाणं अजून खणखणीत राहिलंय ते शालनवहिनी आणि परबांसारख्या माणसांमुळे, जी ते सहजासहजी कुणाला वाजवू देत नाहीत. माझ्या धंद्याच्या अगदी शेवटाला का होईना, मला हे समोर बघायला मिळालं. मी त्यांची मनापासून ऋणी आहे. परबांना मी तसं बोलूनही दाखवलं, तेव्हा ते म्हणाले, चूक आमचीही झाली मॅडम, बाहेर जाण्याआधी निदान कानात सांगायला हवं होतं.

निकालानंतर थोड्या दिवसांनी मी वहिनींना भेटायला गेले. रिक्षा अर्ध्या चढापर्यंतच जाते, पुढे चालत. वहिनी शाळेतून येऊन मासळी साफ करत बसल्या होत्या. नीलेश घरी नव्हता. वरच्या गल्लीत गटाराचं झाकण तुटलं म्हणून कुणीतरी त्याला बोलावून नेलं होतं. निवडून आलेल्याला कुणी बोलावलं नव्हतं, हे मी मनात नोंदवलं. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं आणि मग मी न राहवून विचारलं. त्या दिवशी पदकं नीलेशच्या उजव्या बाजूला लावून दिली असती, तरी नियमाला धरूनच झालं असतं. परबही बसले असते. तो कदाचित निवडूनही आला असता. वाईट नाही वाटत?

“वाटतं ना. आई आहे मी,” त्या म्हणाल्या. हात धुवून त्या माझ्यासमोर येऊन बसल्या. “हे गेले तेव्हापासून मी सगळीकडे शहीद धुरींची पत्नी. शाळेत तेच, बँकेत तेच, गावच्या जत्रेत पण तेच. मला त्याचा अभिमान आहे, ताई. पण काल खाली भाजी घेताना एक बाई भेटली, कड्याजवळ नवीन राहायला आलेली. मला म्हणाली, तुम्ही नीलेशच्या आई ना? एवढ्या वर्षांत मला असं कुणी पहिल्यांदाच विचारलं.”